एक तबकडी, दोन वाटण्या



इतिहासाच्या गप्पांमध्ये गेल्या वेळी आपण शिवणयंत्राची हकीकत ऐकली. आज गाण्याच्या एका तबकडीची हकीकत सांगते. ही तबकडी १९६६ सालच्या ऑगस्ट महिन्यात निघाली. इंग्लंडात ५ तारखेला, अमेरिकेत ८ तारखेला. दोन्हीकडे नाव एकच, ‘रिव्हॉल्व्हर’. वरचं चित्र एकच, गाणारी चार मुलंही तीच. पण इंग्लंडातल्या एखाद्या मुलीनं ती दुकानातून घरी नेली तर तिच्यात १४ गाणी होती, आणि अमेरिकेतल्या मुलीनं नेली तर ११. तीन गाणी कमी. ती कुणी काढली, कशासाठी काढली आणि त्यात कुणाचं काय गेलं, हे आज बघायचं आहे. सगळी वाटणीची आणि हिशोबाची गोष्ट आहे, त्यामुळे गटाची वही लिहिणाऱ्या बायकांना ती लगेच कळेल.

आधी ही मुलं कोण, ते सांगते. लिव्हरपूल हे इंग्लंडातलं बंदराचं शहर. तिथली ही साध्या घरातली पोरं. जॉर्ज हॅरिसनचे वडील बस चालवायचे. रिंगो स्टारची आई दारूच्या गुत्त्यात कामाला होती आणि तो लहान असताना तिनं एकटीनं त्याला वाढवलं. पॉल मॅकार्टनीची आई सुईणीचं काम करायची, ती तो १४ वर्षांचा असतानाच गेली. जॉन लेननला मावशीनं सांभाळलं. या चौघांच्या गटाचं नाव बीटल्स. जॉन आणि पॉल दोघे मिळून गाणी लिहायचे. जॉर्ज वयानं सगळ्यांत धाकटा, त्याच्या वाट्याला एका तबकडीत एखादं-दुसरं गाणं यायचं. रिंगो ढोल वाजवायचा आणि मधूनच एखादं गाणं गायचा.

आता तबकडी. आपल्यातल्या वयस्कर बायकांना लग्नातला भोंगा आणि त्याखाली फिरणारी काळी रेकॉर्ड आठवत असेल. तीच ही, फक्त मोठी. तिला एलपी म्हणत. दोन बाजू, एका बाजूला साधारण वीस मिनिटं. एक बाजू संपली की उठून उलटी करायची. मोबाइलसारखं बोटानं गाणं पुढं ढकलता येत नव्हतं. सुई उचलून नेमक्या रेघेवर ठेवायची म्हणजे चरा पडायची भीती. त्यामुळे लोक ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्या क्रमानं दिली आहे त्याच क्रमानं ऐकत. कोणतं गाणं पहिलं, कोणतं तिसरं, बाजू कशावर संपते, याला तेव्हा फार महत्त्व होतं. पंगतीत आधी काय वाढलं आणि मागून काय आलं, तसं. आणि ‘रिव्हॉल्व्हर’ हे नाव पिस्तुलाचं वाटलं तरी त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे गोल फिरणारी वस्तू. तबकडी फिरतेच की.

इंग्लंडात या मुलांच्या रेकॉर्ड ईएमआय ही कंपनी काढायची. अमेरिकेत कॅपिटॉल नावाची कंपनी होती, ती ईएमआयनं १९५५ साली विकत घेतलेली. म्हणजे घर एकच, पण कॅपिटॉलचा कारभार स्वतंत्र. सुरुवातीला कॅपिटॉलनं या मुलांची गाणी घ्यायला नकार दिला, तोही एकदा नव्हे, बऱ्याचदा. त्यांना वाटायचं, इंग्लंडची गाणी आपल्याकडे कोण ऐकणार! मग १९६३ च्या अखेरीस त्यांनी एक गाणं काढलं. ते इतकं चाललं की फेब्रुवारी १९६४ मध्ये ही चार मुलं अमेरिकेच्या टीव्हीवर आली तेव्हा ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर नकार देणाऱ्यांचेच हात थांबेनात.

इंग्लंडात १४ गाण्यांची एक तबकडी निघाली की अमेरिकेत कॅपिटॉलवाले तिच्यातली काही गाणी बाजूला ठेवायचे, ११-१२ गाण्यांची तबकडी काढायचे. बाजूला ठेवलेली गाणी साठली की त्यांत सुटी निघालेली दोन-चार गाणी घालून आणखी एक तबकडी. ‘रिव्हॉल्व्हर’ येईपर्यंत, तिला धरून, इंग्लंडात या मुलांच्या सात एलपी झाल्या होत्या. अमेरिकेत एकट्या कॅपिटॉलनं गाण्यांच्या दहा काढल्या. गाणी तीच, दुधात पाणी घालून चरव्या वाढवाव्यात तसं.

यामागे नुसती हाव होती असंही म्हणता येत नाही, कायद्याचाही भाग होता. गाणं लिहिणाऱ्याला प्रत्येक विकलेल्या तबकडीमागे पैसे द्यावे लागतात. इंग्लंडात तेव्हा रीत अशी होती की तबकडीच्या किमतीच्या सव्वासहा टक्के रक्कम सगळ्या गाण्यांत मिळून द्यायची. गाणी १० असोत की १४, कंपनीच्या खिशातून जायचे ते तेवढेच. अमेरिकेत कायद्यानं ठरलेला दर गाण्यामागे होता. एका गाण्याला दोन सेंट, म्हणजे डॉलरचा पन्नासावा भाग. करा हिशोब. १४ गाण्यांचे २८ सेंट, ११ गाण्यांचे २२. तबकडीमागे सहा सेंट वाचले. सहा सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा लाख तबकड्या विकल्या तर ते साठ हजार डॉलर होतात. आपल्या गटात पापडाच्या पाकिटामागे आठ आणे वाचवायचे की नाही यावर तासभर वाद होतो, मग त्यांनी साठ हजार का सोडावेत?

एक गोष्ट मात्र मला खटकते. या तबकड्या विकत घेणाऱ्यांत शाळा-कॉलेजातल्या मुली फार मोठ्या संख्येनं होत्या. खाऊच्या पैशांतून, दुसऱ्यांची मुलं सांभाळून मिळवलेल्या पैशांतून त्या रेकॉर्ड घ्यायच्या. सुटं निघालेलं गाणं मुलीनं आधीच घेतलेलं असलं तर तेच पुन्हा एलपीत घालून तिच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेऊ नयेत, असा इंग्लंडात एक संकेत होता. तो नेहमीच पाळला गेला असं नाही, पण मनात तरी होता. अमेरिकेत तो मनातही नव्हता.

आता १९६६ चा उन्हाळा. एप्रिलच्या ६ तारखेपासून जूनच्या २१ तारखेपर्यंत ही मुलं लंडनच्या स्टुडिओत होती. अकरा आठवड्यांत १६ गाणी झाली. त्यांतली दोन सुटी काढली, उरलेल्या १४ ची ‘रिव्हॉल्व्हर’ होणार होती. पण मे महिन्यात, काम अर्धं झालेलं असतानाच, कॅपिटॉलची मागणी आली की आम्हाला एक तबकडी पुरी करायला तीन गाणी कमी पडताहेत, पाठवा. तोवर जी तयार होती त्यांतली तीन पाठवली. तिन्ही नेमकी जॉनची निघाली.

कॅपिटॉलनं जी तबकडी पुरी केली तिचं नाव ‘यस्टरडे अँड टुडे’. तिच्यात दोन गाणी एका जुन्या एलपीतली, चार दुसऱ्या एलपीतली, दोन सुटी आणि ही तीन नवी, अशी ११. आपण गोधडी शिवतो ती जुन्या लुगड्यांची. इथं गोधडीसाठी नवं कापड मागावरून उतरायच्या आत कापलं होतं. शिवाय घाईत पाठवलेली ध्वनिफीत एकाच बाजूची होती. दोन कण्यांतून वेगवेगळा आवाज येतो त्याला स्टिरिओ म्हणतात. तसा आवाज हवा म्हणून कॅपिटॉलनं त्याच फितीतला बारीक आवाज एका कण्यात आणि जाड आवाज दुसऱ्या कण्यात टाकून, थोडा मागंपुढं करून, खोटं स्टिरिओ बनवलं. जॉनची ती तीन गाणी अमेरिकेतल्या स्टिरिओ तबकडीत अशी आली.

याच तबकडीच्या कव्हरची एक वेगळी कथा आहे. पहिल्या कव्हरवर चौघे खाटकाचे पांढरे डगले घालून, मांडीवर कच्चं मांस आणि बाहुल्यांचे तुटके हातपाय घेऊन बसलेले दिसायचे. दुकानदारांनी ओरडा केला. साधारण साडेसात लाख कव्हरं छापून झाली होती. कंपनीनं ती परत मागवली, काही नष्ट केली, आणि मग खर्च वाचावा म्हणून उरलेल्यांवर दुसरं साधं चित्र चिकटवून तीच पुन्हा बाजारात पाठवली. पुढं लोक वाफेवर धरून वरचा कागद सोडवू लागले, कारण खालचं चित्र सापडलं तर त्याला हजारो डॉलर येतात. कंपनी आमच्या गाण्यांची खाटकासारखी कापाकापी करते, हे दाखवायला मुलांनी तो फोटो काढला, असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण फोटो काढणारा रॉबर्ट व्हिटेकर याच्या मनात दुसरंच होतं. लोक या मुलांना देव करून पूजतात, त्यावर त्याला चित्र करायचं होतं.

तर ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ अमेरिकेत आली तेव्हा ही तीन गाणी आधीच जूनमध्ये दुसऱ्या तबकडीतून विकून झाली होती. ती पुन्हा घालायची नव्हती, म्हणून गाळली. जागा भरायला दुसरं काही घातलं नाही. राहिली ११.

आता वाटणी बघा. इंग्लंडच्या १४ गाण्यांत पॉलची सहा, जॉनची पाच, जॉर्जची तीन. पॉलच्या सहांतलं एक रिंगोनं गायलं. जॉर्जला याआधी इतका वाटा कधी मिळाला नव्हता, धाकट्याला घरात पहिल्यांदा बोलू दिलं म्हणा. त्यानं पहिलंच गाणं केलं ते सरकारच्या करावर! अमेरिकेच्या ११ गाण्यांत पॉलची सहाच राहिली, जॉर्जची तीनच राहिली, आणि जॉनची झाली दोन. ज्यानं हा गट सुरू केला तो धाकट्याच्याही खाली गेला.

नुसत्या आकड्यानं हे पुरतं कळत नाही. क्रम धरून बघावं लागतं. इंग्लंडच्या तबकडीत पहिलं गाणं जॉर्जचं, दुसरं पॉलचं आणि तिसरं जॉनचं. तिघांची ओळख पहिल्या दहा मिनिटांत होते. अमेरिकेच्या तबकडीत ते तिसरंच गाणं काढलेलं. मग जॉन मुख्य आवाजात पहिल्यांदा कधी ऐकू येतो? पहिल्या बाजूच्या अगदी शेवटच्या गाण्यात. दुसरी बाजू लावली की पुन्हा तो शेवटच्या गाण्यात. दोन्ही वेळा पंगत उठायच्या वेळी आला. अमेरिकेतल्या मुलीला साहजिकच वाटणार की हा माणूस आता मागं पडला, सगळं पॉलच करतो. तबकडीवर लेखक म्हणून नाव दोघांचं जोडून छापायचे, लेनन-मॅकार्टनी. कागदावर दोघं बरोबरीचे. गेलं ते ऐकण्यातून गेलं, आणि कागद बघून ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आमच्या गटाचाच अनुभव सांगते. दोन दिवाळ्यांमागे आम्ही शहरातल्या एका दुकानदाराला फराळाचे डबे दिले. प्रत्येक डब्यात सात जिन्नस, आणि कोणता जिन्नस कुणी केला त्याची चिठ्ठी. त्यानं जवसाची आणि कारळाची चटणी बाहेर काढून वेगळ्या बरण्या केल्या. चटणीचे पैसे आम्हाला मिळाले, ते काही बुडाले नाहीत. पण पुढच्या वर्षी गिऱ्हाइकांचे निरोप आले ते चकलीवालीला आणि करंजीवालीला. चटण्या करणारी आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई, तिला कुणी ओळखेना. दुकानदारानं तिची एकही बरणी फेकली नव्हती, फक्त जागा बदलली होती.

जॉनच्या बाबतीत त्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रकार झाला, आणि तोही कापून वेगळं काढण्याचाच. मॉरीन क्लीव्ह नावाच्या एका पत्रकार बाईनं मार्च १९६६ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात जॉनवर मोठा लेख लिहिला होता. तो घरी कसा राहतो, काय वाचतो, असा निवांत लेख. त्यात मध्येच, धर्म मागं पडतोय असं बोलताना, तो म्हणून गेला होता की आजघडीला आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय आहोत. इंग्लंडात कुणी काही बोललं नाही. लेखाच्या ओघात ते वाचलं आणि लोक पुढं गेले. जुलैच्या अखेरीस अमेरिकेतल्या तरुणांच्या एका मासिकानं ते बोलणं उचलून छापलं आणि धर्माबद्दलचं त्यातलं एक वाक्य मुखपृष्ठावर टाकलं. मग काय विचारता! दक्षिणेकडच्या गावांत बीटल्सच्या रेकॉर्डच्या होळ्या झाल्या, रेडिओ केंद्रांनी गाणी बंद केली. ११ ऑगस्टला शिकागोत जॉनला पत्रकारांसमोर बसून खुलासा द्यावा लागला, माफी मागावी लागली. ‘रिव्हॉल्व्हर’ अमेरिकेत येऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. ते वाक्य शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण क्लीव्हबाईंचा अख्खा लेख वाचणारा आणि मुखपृष्ठावरची एक ओळ वाचणारा, दोघांना दोन वेगळे जॉन भेटले हे खरं. त्यात अमेरिकेत त्या आठवड्यात त्याची बाजू घ्यायला त्याची गाणीसुद्धा दोनच.

बरं, स्टेजवर ऐकून भरपाई झाली असती म्हणावं, तर तेही नाही. त्या ऑगस्टमध्ये ही मुलं अमेरिकेत गावोगाव गात फिरत होती, पण ‘रिव्हॉल्व्हर’मधलं एकही गाणं त्यांनी स्टेजवर गायलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम झाला आणि दौरे त्यांनी कायमचे थांबवले. नवं काम लोकांना ऐकायला मिळायचं ते फक्त तबकडीतून, म्हणजे कंपनीनं जेवढं दिलं तेवढंच.

एका बाईच्या गाण्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तबकडीतलं दुसरं गाणं, ‘एलेनॉर रिग्बी’. एकटी राहणारी बाई. चर्चमध्ये दुसऱ्यांचं लग्न होऊन गेल्यावर मागं राहिलेलं आवरणारी. ती मरते तेव्हा मूठमातीला कुणी येत नाही. पॉलनं हे लिहिलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. गाण्यात चौघांपैकी कुणाचंही वाद्य नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, अशी आठ तारवाद्यं आहेत, त्यांची मांडणी त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी केली. हे गाणं दोन्ही तबकड्यांत आहे, त्याच जागी आहे. पण इंग्लंडात त्याच्या मागून जॉनचं झोपाळू, अंथरुणात लोळणारं गाणं येतं. मन जरा सैल होतं. अमेरिकेत त्या बाईच्या थडग्यावरून तुम्ही थेट सतारीच्या सुरावर जाता. मला विचाराल तर अमेरिकेचा हा सांधा वाईट नाही. माती लोटल्यावर सतार लागते, ते आपल्या कानाला काही वेगळंच वाटतं.

ही सतार आणि तिच्याबरोबरचा तबला जॉर्जच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यातला. त्यामागे लंडनमधलं एक घर आहे. अयाना अंगडी हे मूळचे कर्नाटकातले, त्यांची बायको पॅट्रिशिया इंग्रज, चित्रकार. दोघं मिळून लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल ही संस्था चालवायचे, आपल्याकडच्या गायक-वादकांचे कार्यक्रम तिथं घडवून आणायचे. (या पॅट्रिशियाबाईंची पहिली कादंबरी सत्तरीला आल्यावर छापून आली. आपल्यात चाळिशीतच ‘आता काय वय राहिलं’ म्हणणाऱ्या आहेत, त्यांच्यासाठी सांगितलं.) १९६५ साली एका गाण्याच्या वेळी जॉर्जच्या सतारीची तार तुटली. लंडनमध्ये सतारीची तार कुठं मिळणार? शोधता शोधता अंगडींच्या घरी मिळाली, आणि ओळख झाली.

पुढं एप्रिल १९६६ मध्ये जॉर्जला तबलजी हवा होता. अंगडींनी फोन केला अनिल भागवत यांना. भागवत हे आडनाव आपल्याला परकं नाही. आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. कोण जॉर्ज, ते त्यांना कळलं नाही. न्यायला दारात रोल्स रॉइस मोटार आली तेव्हा उलगडा झाला. ११ एप्रिलला त्यांनी तबला वाजवला. सोळा मात्रांचा ठेका जॉर्जला हवा होता, आणि भागवतांना मोकळं वाजवू द्यायलाही तो तयार होता. इंग्लंडच्या कव्हरवर मागच्या बाजूला गाण्यापुढं त्यांचं नाव आणि तबला असं छापलं आहे. हे सोपं नव्हतं. ‘एलेनॉर रिग्बी’त वाजवणाऱ्या आठ जणांची नावं कव्हरवर नाहीत. बाहेरून आलेल्यांपैकी भागवतांचं आणि फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्या ॲलन सिव्हिल यांचं नाव छापलं गेलं. संध्याकाळभराचं काम, पण कव्हरवर नाव राहिलं म्हणून साठ वर्षांनी मी ते तुम्हाला सांगू शकते.

दौरे थांबवल्यावर जॉर्ज त्याच सप्टेंबरमध्ये मुंबईला आला, ताजमहाल हॉटेलात राहिला आणि पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला बसला. आपल्या देशातही बीटल्सच्या रेकॉर्ड निघायच्या, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात, ईएमआयच्याच घरच्या ग्रामोफोन कंपनीत.

आतापर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, कॅपिटॉलनं सगळं बिघडवलंच. तसं नाही, आणि इथंच गोष्ट जरा अडचणीची होते. ‘रिव्हॉल्व्हर’च्या आधीची तबकडी ‘रबर सोल’, डिसेंबर १९६५ ची. इंग्लंडात १४ गाणी, अमेरिकेत १२. कॅपिटॉलनं चार काढली आणि आधीच्या एलपीतून उरलेली दोन घातली. घातलेल्या दोन्हींत विजेच्या गिटारचा दणका नाही, साध्या गिटारीची आहेत. काढलेल्यांत पहिलंच दणक्याचं गाणं होतं. त्यामुळे अमेरिकेची ‘रबर सोल’ सुरुवातीपासून एका सुरात, हळुवार अशी झाली. कॅलिफोर्नियातला ब्रायन विल्सन, तिथल्या बीच बॉइज या गटाचा गाणी रचणारा, त्यानं ती ऐकली आणि तो हलून गेला. अख्खी तबकडी एकाच भावातली असू शकते, भरतीची गाणी लागतच नाहीत, असं त्याला वाटलं. त्या ईर्ष्येनं त्यानं ‘पेट साउंड्स’ ही तबकडी केली, मे १९६६ मध्ये. ती ऐकून पॉल भारावला, आणि त्यातून बीटल्सची पुढची तबकडी ‘सार्जंट पेपर’ हिला जोर मिळाला. ज्या एकसुरीपणानं विल्सन भारावला, त्यातला काही भाग कॅपिटॉलच्या कचेरीत काढ-घाल करणाऱ्यानं दिलेला होता. त्याचं श्रेय चार मुलांना गेलं. कापणाऱ्याच्या हातूनही कधी चांगलं होतं, आणि तेव्हा त्याचंही नाव कुठं लागत नाही.

अमेरिकेतली जी मुलगी त्या ११ गाण्यांवर वाढली, तिला ती अपुरी वाटली नाही. तिला ठाऊकच नव्हतं तीन गेली आहेत ते. उलट जॉनची ती तीन गाणी तिनं इंग्लंडच्या मुलीच्या आधी, जूनमध्येच ऐकली. अजूनही अमेरिकेत आजी झालेल्या बायका सापडतील ज्यांना ११ गाण्यांचाच क्रम खरा वाटतो. एक गाणं संपलं की कान आपोआप पुढच्याची वाट बघतो, आणि मध्येच तिसरं कुठून आलं म्हणून दचकतो.

पुढचं थोडक्यात सांगते. १९६७ च्या जानेवारीत मुलांचा ईएमआयशी नवा करार झाला. त्या वर्षी जूनमध्ये ‘सार्जंट पेपर’ निघाली ती दोन्ही देशांत सारखी, गाणं न गाणं त्याच क्रमानं. पुढं १९८७ साली सीडी आल्या तेव्हा ‘रिव्हॉल्व्हर’ची इंग्लंडची १४ गाण्यांची तबकडीच सगळ्या जगासाठी कायम केली, अमेरिकेसाठीसुद्धा. म्हणजे तिथं तीन गाणी आपल्या जागी बसायला एकवीस वर्षं लागली. मग ११ गाण्यांवर वाढलेल्यांची हळहळ सुरू झाली, आणि २०१४ साली कंपनीनं अमेरिकेच्या जुन्या तबकड्यांचा वेगळा संच काढून तोही विकला. कंपनी ती कंपनीच!

आपल्या केंद्रावर ही गाणी लावायला परवानगी लागते, म्हणून मी नुसतं तोंडानं सांगितलं. घरात कुणाच्या मोबाइलवर मिळाली तर दुपारच्या वेळी, निवडणं-टिपणं करता करता लावून बघा. मध्ये हात लावू नका, ओळीनं वाजू द्या. तबला चौथ्या गाण्यात लागला तर ती इंग्लंडची. तिसऱ्यात लागला तर समजा, अमेरिकेची हाताला लागली आहे.